बारा शब्दांच्या चिठ्ठ्या

मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर तुम्ही कॉम्प्युटरचा प्रचार कराल, असं कुणी तेव्हा म्हटलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीत निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी माझ्या हाताखालून गेलेलं, आणि समजावून सांगायची माझी खोड काही निवृत्त झालेली नव्हती.

झालं असं, की आमच्या भागातला एक फोटो स्टुडिओ बंद पडला. लग्नं, बारशी, साठीशांती, सगळ्यांचं सगळं त्याच्या एका कॉम्प्युटरवर. मालक गाव सोडून गेला आणि कॉम्प्युटर भंगारात. बायका आठवडाभर हळहळत होत्या. तेव्हा माझा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशीतला इंजिनिअर, एक नवी पद्धत घेऊन आला. प्रत्येक घरात चहाच्या डब्याएवढी एक पेटी बसवायची. तुमचे फोटो, दाखले, सातबारे यांचे तुकडे होतात, त्यांना कुलूप लागतं आणि ते सगळ्यांच्या पेट्यांत विखरून राहतात. एखादी पेटी जळाली तरी बाकीच्यांतून सगळं परत जुळतं. मध्ये कंपनी नाही, मुख्य ऑफिस नाही, कुणी मालकच नाही. त्यानं हे गणपतीच्या मांडवात पडद्यावर बाण काढून सांगितलं. अर्ध्या तासात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि उरलेले प्रसादासाठी बसले होते.

मला त्याची दया आली. शिवाय, खरं सांगायचं तर, आपण हे बरं सांगू शकलो असतो असंही वाटलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात पापड लाटायला बायका आळीपाळीनं एकेकीच्या घरी जमतात. पुढच्या उन्हाळ्यात मी तिथंच विषय काढला. म्हटलं, सगळे पापड एकाच गच्चीवर घातले आणि वावटळ आली तर वर्षाचं वाळवण गेलं. तेच प्रत्येकीच्या गच्चीवर थोडे थोडे घातले तर? एका गच्चीवरचे उडाले तरी डबा भरतो. एकीनं विचारलं, "आणि माझे पापड हिनं खाल्ले तर?" मी म्हटलं, "तिच्या गच्चीवर असले तरी झाकणाला कुलूप आहे, आणि किल्ली तुझ्याकडेच." लाटणी थांबली नाहीत, पण सगळ्या ऐकत होत्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा घरांनी पेटी बसवा म्हणून सांगितलं.

मग मी सुटलेच. टॉवेल विणणाऱ्या घरांतून फिरले. तिथं एका सासूबाईंनी माझं बोलणं तेलुगूतून सगळ्या गल्लीला ऐकवलं. अक्कलकोटच्या महिला मंडळात एक बाई कानडीत सांगायला उभ्या राहिल्या. माझ्या दोन वाक्यांची त्यांनी दहा केली आणि बायका माझ्यापेक्षा त्यांच्याकडे बघून जास्त हसल्या. मला त्याचंही काही वाटलं नाही, इतकी मी खुशीत होते.

ती किल्ली म्हणजे बारा शब्द. पेटी बसवली की फोनच्या पडद्यावर बारा साधे मराठी शब्द यायचे. चिंच, पायरी, सुतळी, घागर, असे. फोन बदलला, बिघडला, पाण्यात पडला, तर नव्या फोनवर तेच शब्द त्याच क्रमानं घालायचे. शब्द गेले तर सगळं गेलं, कारण मालकच नाही, तर तक्रार कुणाकडे करणार? म्हणून मी प्रत्येक ठिकाणी बजावून सांगायचे, शब्द कागदावर लिहा, जपून ठेवा, कुणालाही सांगू नका.

आमच्या शेजारीण मूळच्या वैरागकडच्या. त्यांनी भर बैठकीत विचारलं, "कुनालाबी म्हंजे, बाई, तुमालाबी न्हाय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तिथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द. पण मी हसून म्हटलं, "माझी गोष्ट वेगळी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पहिली चिठ्ठी घेऊन आल्या. "घरात पोरं हायत, कुटं जाईल कागुद काय सांगावं. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या की." मग रांग लागली. घडी घातलेल्या, पाकिटात घातलेल्या, एक तर कुंकवाच्या पुडीत बांधलेली. महिन्याभरात त्रेचाळीस चिठ्ठ्या. कुणा एकाच्या हातात काही राहत नाही म्हणून मी ज्याचा गावभर डांगोरा पिटला, ते सगळंच्या सगळं माझ्या लोखंडी कपाटात, पैठणीखालच्या खणात येऊन बसलं. इंजिनिअरला कळलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, हे बरोबर उलटं झालं." मी त्याच्यावरच उखडले. म्हटलं, लोकांचा विश्वास आहे माझ्यावर, तुझ्या बाणांवर नाही.

पहिलं वर्ष मजेत गेलं. कुणाचा फोन बिघडला की बेल वाजायची. मी कपाट उघडून चिठ्ठी द्यायचे, ते शब्द घालायचे, चिठ्ठी परत माझ्याकडे. नंतर नंतर माझा जीव अडकायला लागला. मोडनिंबला भाचीच्या हळदीला गेले, तर तिथं फोन. एकाला तहसील कचेरीत दाखला हवा होता आणि शब्द माझ्या कपाटात. मी अंगावर हळदीचे डाग घेऊन एसटीनं परत आले. त्यानंतर मुक्कामाला जाणंच बंद केलं. यजमान जाऊन पाच वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नाही. कपाटाची किल्ली द्यायची तर कुणाला? एकीला दिली तर बेचाळीस जणी म्हणणार, तिलाच का? वाळवी लागेल म्हणून दर रविवारी खण रिकामा करून बघायचे. गॅस बंद केलाय ना, हे बघायला देवळातून अर्ध्या वाटेवरून परत फिरायचे. मला त्या कपाटाचा राग यायला लागला. आपल्याच घरात आपल्याला कुणीतरी राखण म्हणून बसवलंय, असं वाटायचं, आणि बसवणारी मीच होते म्हणून भांडायला समोर कुणी नव्हतं.

या वर्षी मुलीला दुसरं मूल व्हायचं होतं. ती बंगळूरला. पहिलं माहेरी झालं, दुसरं सासरी, या रीतीनं ती तिथंच राहणार होती. पण तिच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, थोरली चार वर्षांची. "आई, तू महिनाभर आधी ये," ती म्हणाली. एरवी माझी मुलगी काही मागत नाही. मी हो म्हटलं आणि त्या रात्रीपासून मला त्रेचाळीस चिठ्ठ्या दिसायला लागल्या.

मी सगळ्यांना घरी बोलावलं. पोहे केले. म्हटलं, मला काही दिवस बाहेरगावी जायचंय, आपापल्या चिठ्ठ्या घेऊन जा. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग एक म्हणाली, "असू द्या की बाई, काय बिघडतंय?" दुसरी म्हणाली, "तुमच्याकडं हायत म्हणून तर बरं हाय." पोह्यांचं कौतुक झालं आणि चिठ्ठ्या जागच्या जागी राहिल्या. मला भरून आलं. एवढा विश्वास टाकून जायचं कसं? गेल्या दिवाळीपासून एकीनंही चिठ्ठी मागितली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं होतं. हल्लीचे फोन टिकाऊ निघाले, एवढाच अर्थ मी त्याचा लावला.

मुलीला सांगितलं, पुढच्या आठवड्यात येते. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या. इंजिनिअरला बँकेच्या लॉकरचं विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही खुशाल जा, काही होत नाही." मला ते बेफिकीर वाटलं. शेवटी एका दुपारी जावयांचा फोन आला. दिवस भरायच्या अठरा दिवस आधीच मुलगी झाली होती. थोरलीला शेजाऱ्यांकडे ठेवून दोघंच दवाखान्यात गेले होते. "आता घाई करू नका, आई," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीसारखा होता. मुलगी फोनवर आली नाही.

मी उठले आणि पेढेही न आणता शेजारणीचं दार वाजवलं. त्यांची चिठ्ठी हातात होती. म्हटलं, "मला आज रात्रीच्या गाडीनं निघायचंय. ही आता तुम्हीच ठेवा."

त्यांनी चिठ्ठी घेतली नाही. पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, ती आता चालत न्हाय. दिवाळीच्या टायमाला सूनबाईनं नवं शब्द काडलं. फोनातच सोय झालीया म्हनं."

"आणि बाकीच्यांनी?"

"समद्यांनीच की. ज्येचं त्येनं आपल्या घरात ठिवलंय, तुमी शिकवल्यासारकं."

"मग त्या दिवशी पोहे खाताना का नाही बोललात?"

"तुमास्नी वाईट वाटलं असतं. तुमी येवढं जपलं." मग त्यांचा चेहरा बदलला. "लेकीकडं का न्हाय गेला म्हून आमी इचारायचो एकमेकीला. म्हटलं दुसरं बाळंतपन, सासरची बगत असतील. त्या चिठ्ठ्यांसाटी थांबला व्हता व्हय?"

मी म्हटलं, "छे हो. रिझर्व्हेशन मिळालं नाही."