सहीपुरते पालक

बोर्ली पंचतनच्या बाजारापासून रिक्षाने दहा-बारा मिनिटांवर आमची बालवाडी आहे. दोन खोल्या, पुढे पडवी आणि अलीकडे बसवलेलं लोखंडी गेट. मी तिथे अठरा वर्षं शिकवते. त्यातली बरीचशी वर्षं गेट नव्हतंच. आया पोराला सोडायला थेट पडवीत यायच्या, दोन मिनिटं टेकायच्या, रात्री ताप होता, आज जरा सांभाळा, असं काहीबाही सांगून जायच्या.

गेट आणलं आमच्या संस्थेच्या चिटणीसांनी. मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेले गृहस्थ. माणूस वाईट नाही. वादळात उडालेलं बालवाडीचं छप्पर त्यांनीच खटपट करून पुन्हा घातलं. आपल्या गावची मुलं शहरातल्या मुलांपुढे कमी पडता कामा नयेत, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी गेट, गणवेश, प्रत्येक मुलाची डायरी आणि एक छापील नियमपत्रक. पालकांनी मुलाला गेटवर सोडायचं आणि गेटवरूनच न्यायचं. सांगण्यासारखं काही असलं तर बाई डायरीत लिहितील, पालकांनी वाचून खाली सही करायची. मलाही ते पटलं होतं, हे आधीच कबूल करते. रोज सकाळी वीस बायकांचा गलका ऐकून मी कंटाळले होते. मुख्य बाई म्हणून नियमपत्रकं मीच वाटली.

त्या वर्षी चार वर्षांची एक मुलगी आली. आई बाजारात सुकी मासळी विकायची, वडील बोटीवर. मुलगी भारी बडबडी. पण पहिल्या आठवड्यानंतर डबा खायच्या सुट्टीत ती डबा मांडीखाली दाबून बसायला लागली. उघडायचीच नाही. विचारलं की मान खाली. मी डायरीत लिहिलं, ‘डबा खात नाही. घरी लक्ष द्यावे.’ दुसऱ्या दिवशी खाली आईची सही. डबा तसाच. पुन्हा लिहिलं, पुन्हा सही. तिसऱ्या आठवड्यात मी पेन दाबून लिहिलं, ‘वारंवार कळवूनही सुधारणा नाही.’ त्याच्याखालीही तीच सही, ठसठशीत, अक्षर न् अक्षर सुटं. मला राग आला. या बाईला पोरीची काही पडलेली नाही, असं मी मनात ठरवून टाकलं.

एका दुपारी तीच गेटवर माझी वाट बघत उभी होती. टोपली खाली ठेवलेली, चेहरा खुललेला.

“बाई,” ती म्हणाली, “बाकीच्यांच्या वह्या कोऱ्याच असतात म्हनं. माझ्या पोरीच्या वहीत तुमी रोज लिवता. हुशार हाय ना ती?”

“तुम्ही वाचलं नाहीत?” मी विचारलं.

“मला सहीच येते. बचत गटात शिकवली. वाचता न्हाय येत.”

“मग कोणाकडून तरी वाचून घ्यायचं.”

“शालेतून आलंय म्हंजे बरंच असंल, म्हटलं.”

मी तिथेच, गेटच्या गजांमधून, तिला सगळं सांगितलं. तीन आठवडे पोर उपाशी घरी येत होती आणि तीन आठवडे आई त्याच्याखाली अभिमानाने सही करत होती. तिचा चेहरा उतरत गेला. ती उकिडवी बसली, मुलीला जवळ ओढलं आणि विचारलं, “का गो, सांजच्याला डबा तर रिकामा असतो. शालेत का न्हाय खात?”

“वास येतो,” मुलगी म्हणाली. “मावशी बोलली झाकन लाव.”

डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट असायची. आमच्या नियमपत्रकात सहावा नियम होता, ‘उग्र वासाचे पदार्थ डब्यात देऊ नयेत.’ तो मी तिला तेव्हा पहिल्यांदा सांगितला. मदतनीस मावशीने तो पाळला होता, इतकंच. मावशी झाकण लावायला लावत होती तेव्हा मी त्याच खोलीत होते. मला ऐकूही आलं असेल.

ती बाई रडली नाही की भांडली नाही. म्हणाली, “मी तेच इकते, बाई. माझ्या अंगालापन तोच वास हाय. पोरीनं माझ्याजवल पन बसू नये का?”

मी गेटच्या कडीला हात घातला.

“तुमी सुकट खाता?” तिने विचारलं.

“खाते.”

“मग उद्या तिच्यासमोर खा.”

मी गेट उघडलं आणि म्हटलं, “उद्या तुम्हीही या. आत.”

दुसऱ्या दिवशी ती सतरंजीवर मुलीच्या शेजारी बसली. मी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, सुकट घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. शेजारच्या मुलीने हात पुढे केला. मग आणखी तिघांनी. वर्गातल्या निम्म्या घरांत सकाळपासून तोच वास असतो. दोन मिनिटांत डबा रिकामा झाला आणि डब्याच्या मालकिणीला जेमतेम दोन घास मिळाले. ती आईकडे बघून तक्रार करायला लागली, माझं सगळं संपवलं म्हणून. तीन आठवड्यांनी मी तिचा आवाज सुट्टीत ऐकला.

त्या दिवसापासून मी डायरीत लिहिणं सोडलं. रोज दुपारी सगळ्या पालकांना फोनवर आवाजी संदेश पाठवायला लागले. आज काय गायलो, कोण पडलं, कोण कोणाशी भांडलं. ज्याला वाचता येतं त्यालाही ऐकता येतंच. एका मुलाचे वडील कुवेतला होते. ते जेवणाच्या सुट्टीत ऐकायचे आणि उलट विचारायचे, “बाई, पडला तो आमचाच का?” आणि दर गुरुवारी घरचं कोणीही आत येऊन बसावं, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. परवानगी कोणाची घेतली नाही.

महिन्याभरात चिटणीसांचं पत्र आलं. पालकांना वर्गात प्रवेश देऊ नये, अन्यथा कारवाई करावी लागेल. ते स्वतः घेऊन आले होते. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली.

“वाचून करू की नुसतीच करू?” मी विचारलं.

“बाई, चेष्टा नको. शिस्त एकदा गेली की परत येत नाही.”

“शिस्त तुमच्या गेटच्या दिवसांत होती, साहेब. पोर उपाशी होतं आणि कागदावर सगळं नीट होतं.”

मी सही केली नाही. पत्र पालकांविषयी होतं आणि पालकांना कळवणं माझं काम, म्हणून त्या दुपारच्या संदेशात मी ते शब्द न् शब्द वाचून दाखवलं. वर माझं काही घातलं नाही.

गुरुवारी सकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेतावरून आलेल्या बायका, मोहल्ल्यातल्या दोन आज्या, रिक्षा बाहेर लावून आलेला एक बाप. चिटणीस आले तेव्हा ती मासळीवाली पुढे झाली. “सायेब, तुमचा सहावा नियम आमाला कोनी वाचून दाखवला न्हवता. आता कललाय. तो काडून टाका.”

“आपण बसून बोलू,” ते म्हणाले.

“बसा ना,” ती म्हणाली आणि सतरंजीवर सरकून जागा केली.

सहावा नियम गेला. गुरुवार राहिला. माझं मुख्य बाईचं पद मात्र पुढच्या जूनमध्ये काढून घेतलं आणि माझ्याहून बऱ्याच लहान शिक्षिकेला दिलं. कारण विचारलं तर उत्तर आलं, ‘प्रशासकीय’. दुखलं मला. खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी मी पत्रावर सही केली असती तर आज त्या खुर्चीवर बसून मला स्वतःचं तोंड बघवलं नसतं.

गेल्या महिन्यात आणखी एक पत्र आलं आहे. आवाजी संदेशांमुळे संस्थेच्या गोपनीय बाबी बाहेर जातात, ते बंद करावेत. मी उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही. येत्या गुरुवारी एका मुलीचे आजोबा झावळीच्या पातीची पिपाणी करून दाखवणार आहेत. त्यांना नऊ वाजता यायला सांगितलंय.