चांदीची पाठवणी

सकाळचे साडेपाच. कळमनुरीतल्या आमच्या दारात सलीमभाईंची जीप उभी, मागे प्लॅस्टिकचा पिंजरा, पिंजऱ्यात जुनी गोधडी आणि गोधडीवर आमची चांदी. चांदी म्हणजे आठ वर्षांची तपकिरी गावठी कुत्री. कपाळावर पांढराशुभ्र ठिपका, म्हणून हे नाव. मी बॅगेला कुलूप लावत होते तेवढ्यात आई ओवाळणीचं ताट घेऊन आली. मला वाटलं, माझ्यासाठी. पदर सावरून मी चांगली पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले. आई मला वळसा घालून जीपकडे गेली.

ताटात वसमतची नवी हळद कालवलेली होती. आईनं ती बोटानं नाही, तळव्यानं चांदीच्या कपाळावर थापली.

"सासरला निघालेल्या लेकीला हळद लागती," ती म्हणाली. "ही काय येगळी हाय व्हय?"

सहा महिने हीच आई मला ठणकावत होती की कुत्र्याला परदेशी नेणारी बाई तिनं ऐकलेली नाही. आता डोळे पुसत होती, तेही माझ्यासाठी नव्हे. मला हसू आलं. मी हळद पुसली नाही. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, त्या हसण्याची किंमत मी संध्याकाळपर्यंत भरत होते.

पण आधी देश कसा निवडला ते सांगते, कारण त्यावरून माझी पुष्कळ बदनामी झाली आहे. बावीस वर्षं मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवलं. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात नोकरीला लागला, आई साखऱ्याला माझ्या भावाकडे राहायला जायचं म्हणत होती. शेहेचाळिसाव्या वर्षी मला वाटलं, जग बघावं. तीन शाळांनी होकार दिला. लोक पगार विचारतात, सुट्ट्या विचारतात. मी प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे कुत्र्याकडे लोक कसं बघतात?

मालदीवच्या शाळेचा पगार सगळ्यात मोठा. तिथल्या गृहस्थांनी फार अदबीनं सांगितलं की त्यांच्या देशात कुत्रं आणताच येत नाही. आखाती शहरातल्या शाळेनं राहायला फ्लॅट देऊ केला, पण त्या इमारतीत कुत्र्याला मनाई. मांजर असेल तर बोला, तिथल्या बाई म्हणाल्या. मी चांदीकडे पाहिलं, तिची मांजर व्हायची तयारी दिसली नाही. तिसरी शाळा थायलंडमधल्या चिआंग माईची. तिथल्या मुख्याध्यापिकेनं आधी कुत्रीचं नाव विचारलं. मग सांगितलं की शाळेच्या फाटकात एक म्हातारा कुत्रा आडवा झोपतो आणि सगळे त्याला ओलांडून आत येतात. पगार सगळ्यात कमी. मी त्याच दिवशी होकार कळवला.

भावानं कपाळाला हात लावला. "कुत्र्यापायी देश निवडून राहिली का, ताई? पोरगी द्यायची तरी लोकं एवढी चौकशी करत न्हाईत." त्याचं म्हणणं, चांदीला साखऱ्याला शेतात साखळीनं बांधू, राखण होईल. तो वाईट माणूस नाही. पण चांदी जन्मात बांधलेली नव्हती. एकदा प्रशिक्षणासाठी मी आठ दिवस नांदेडला गेले, तर तिनं भाकरीला तोंड लावलं नाही आणि परतले तेव्हा तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. साखळीवर ती किती दिवस काढेल, हे मला विचारायचं नव्हतं.

तर हैदराबाद. विमानतळाजवळच्या कचेरीत जनावर तपासून दाखला देतात, त्याशिवाय विमानात घेत नाहीत. आम्ही सव्वातीनला पोचलो. वार शुक्रवार. कचेरी पाचला बंद, ती थेट सोमवारी उघडणार. विमान शनिवारचं, आणि सोमवारी तिकडे माझा पहिला तास.

तपासणाऱ्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या. लस, चिपचा नंबर, थायलंडचा परवाना, सगळं बराबर. मग त्यांनी पिंजरा उघडला. कागदांवरच्या फोटोत पांढरं कपाळ, समोर पिवळं. पावणेदहा तासांच्या प्रवासात हळद वाळून तिला भेगा पडल्या होत्या. खपली धरावी तशी दिसत होती.

मी हसत सांगितलं, हळद आहे. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तेच तर. हळद जखमेलाच लावतात. धुऊन आणा, खाली काय आहे ते मला बघायचंय.

बाहेर नळ होता. सलीमभाईंच्या जीपमध्ये कपड्याच्या साबणाची वडी निघाली. मी चांदीला दोन गुडघ्यांत धरलं आणि घासायला लागले. फेस आला. फेस लाल होता. मी आणखी घासलं, तसं कपाळ डोळ्यापासून कानापर्यंत लालभडक झालं आणि लाल पाणी तिच्या नाकावरून गळायला लागलं.

"बाई," सलीमभाई हळूच म्हणाले, "रगत निघून राहिलं की हो."

त्याच वेळी डॉक्टरबाई दारात आल्या. चांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सोमवारी या म्हणून आत वळल्या. घड्याळात साडेचार. सलीमभाईंनी मान खाली घातली. मला माहीत नव्हतं, पण त्यांच्या सीटखाली भावानं दिलेली नवी साखळी होती. काही बिनसलं तर चांदीला परस्पर साखऱ्याला आणा, असं सांगून ठेवलेलं.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. चांदी निवांत उभी. दुखल्यावर ती कुईं करते, ते काहीच नाही. मी माझे हात पाहिले. दोन्ही तळवे लाल, आणि मला तर कुठं खरचटलेलंही नव्हतं.

बावीस वर्षं! बावीस वर्षं मी सातवीच्या पोरांसमोर हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला, तो लाल झाला की टाळ्या घेतल्या, आणि आज तोच प्रयोग माझ्याच कुत्रीच्या डोक्यावर करून मीच भेदरून बसले होते.

"सलीमभाई, लिंबू आणा. दोन. पळा."

पन्नाशीचा तो जाडा माणूस रस्त्यापलीकडच्या रसवंतीकडे असा धावला की चांदी त्याच्यामागे निघाली होती. कापलेली लिंबं हातात येताच मी आत गेले. डॉक्टरबाई कपाटाला कुलूप लावत होत्या. मी टेबलासमोर उभी राहून लाल तळवे पुढे केले आणि वर्गात म्हणायची तेच म्हणाले, इकडे लक्ष द्या. उजव्या तळव्यावर लिंबू पिळलं. लाल गेलं, पिवळं आलं. डावा तसाच लाल ठेवला.

बाईंनी दोन्ही तळवे आळीपाळीनं पाहिले. बॅटरी घेऊन बाहेर आल्या, चांदीच्या कपाळावरचे केस बोटांनी फाकवले आणि खालची कातडी बराच वेळ पाहिली. चांदीला लिंबाच्या वासानं शिंक आली, ती बाईंच्या चष्म्यावर.

"हल्दी कहाँ की है?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं.

"वसमतची."

"रंग पक्का है," म्हणाल्या, आणि आत जाऊन सही केली. पाचाला सात मिनिटं कमी होती.

सलीमभाईंनी सीटखालून साखळी काढून मला दाखवली. "ही भाऊला वापस देतो. पिंजऱ्यापाशी ठेवायची हिंमतच झाली नव्हती बघा."

त्याला आता दोन वर्षं झाली. चिआंग माईत आमची गल्ली, म्हणजे सोई, चांदीची झाली आहे. सकाळी ती नूडल्सच्या गाडीपाशी बसते. गाडीवालीला मी पी नोई म्हणते. पी म्हणजे ताई. मी भाकरीसाठी ज्वारी शोधत फिरते आणि चांदी भातावरचं मासळीचं पाणी चाटते. कोण जास्त लवकर रुळलं, ते उघड आहे.

पण तिला घेऊन भारतात येणं म्हणजे पुन्हा तेवढेच कागद आणि तेवढेच दरवाजे. म्हणून दिवाळीला येत नाही. गेल्या हिवाळ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा दिवसांसाठी एकटीच गेले. चांदी पी नोईकडे राहिली आणि जेवली, असा रोज फोटो यायचा. त्याचं बरंही वाटलं आणि थोडं लागलंही.

पाचव्या दिवशी साखऱ्यात आईच्या डोळ्यात थेंब घालत होते. तिनं विचारलं, उद्या कसं जाणार. मी म्हणाले, "सकाळी हैदराबाद, आन् परवा दुपारपर्यंत घरी."

माझा हात तसाच राहिला. आईसमोर मी ‘घरी’ हा शब्द तिच्या घराखेरीज दुसऱ्या कुठल्या जागेसाठी कधी वापरला नव्हता, लग्न झाल्यावरसुद्धा नाही. आई वर तोंड करून, डोळा उघडा ठेवून पडली होती. तिच्यापासून काही लपलं नाही.

"थेंब घाल की," ती म्हणाली. मी घातला. तिनं डोळा मिटला आणि चाचपडत माझं मनगट धरलं.

"घरी पोचलीस की फोन लाव," म्हणाली. "चांदीला दाखव मला. या डोळ्यानं अजून बघितलं न्हाई तिला."