परत सरकवलेली टोपली

ऑकलंडहून बालीचं विमान सुटलं तेव्हा आडवा पाऊस चालू होता आणि मी सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बजावत होते, की पुढच्या वर्षीपासून ऑकलंडच्या अल्बनी उपनगरातला जून-जुलैचा हिवाळा आपण बघायचाच नाही. मी औषधांच्या दुकानात दिवसभर उभ्याने काम करणारी फार्मासिस्ट. थंडी पडली की माझे गुडघे माझ्याआधी बोलायला लागतात. सुधीर आयटीतून नुकताच निवृत्त झालेला, त्यामुळे त्याच्याकडे वेळ भरपूर आणि नकाशे त्याहून भरपूर. आमचा बेत असा होता: इंडोनेशियातल्या सुंबा बेटावर, समुद्र दिसेल अशा टेकडीवर, चार खोल्यांचं होमस्टे बांधायचं. हिवाळा तिथे काढायचा, उन्हाळा इथे.

कल्पना मार्थाची. मार्था माझ्याच दुकानात काम करते, मूळची सुंबाची. तिचे मामा गावातले मोठे माणूस. त्यांना सगळे उंबू म्हणतात, आपल्याकडे एखाद्याला आबासाहेब म्हणावं तसं. टेकडी त्यांच्या घराण्याची. परदेशी माणसाला तिथे जमीन विकत घेता येत नाही, पण काही वर्षांच्या कराराने वापरायला मिळते. उंबूंनी हो म्हटलं की झालं. त्यांनाही यात स्वार्थ होता, आणि तो गोड होता. त्यांची नात योहाना बालीतल्या एका हॉटेलात नोकरीला होती. होमस्टे झालं तर ते तीच चालवणार, म्हणजे नात घरी राहणार. तेवढ्यासाठी ती नोकरी सोडून गावी येऊन बसली होती.

बालीत एक रात्र काढून आम्ही छोट्या विमानाने सुंबाच्या वाइंगापूला उतरलो. बाली पाहिल्यावर हिरव्या झाडीची अपेक्षा होती. इथे नुसत्या पिवळ्या गवताच्या टेकड्या, एकामागे एक, आणि त्यांवर चरणारी बुटकी घोडी. योहाना न्यायला आली होती. तिशीची, हसरी, इंग्रजी फाडफाड. तिच्या पिकअपमध्ये दोन तास हाडं खिळखिळी करून घेतल्यावर गाव आलं: उंच टोकदार छपरांची वीस-पंचवीस घरं आणि मधल्या अंगणात दगडी थडगी. थडग्यांवर मका वाळत घातलेला, पोरं बसलेली.

"आपल्याकडे तुळशीवृंदावन असतं ना गं, तसं यांचे पूर्वज अंगणात," सुधीर म्हणाला. मला ते आवडलं. गाव मला तिथेच आवडून गेलं.

उंबूंच्या घरापुढे बाले-बाले (बांबूची बसायची ओटी) होती. तिच्यावर त्यांचे सगळे भाऊबंद आमची वाट बघत बसले होते. काही जण सकाळपासून घोड्यावर येऊन पोचलेले. मागच्या अंगणात डुक्कर शिजत होतं. उंबू मधोमध, डोक्याला विणलेलं फडकं, ऐंशीच्या घरातले, ताठ. आम्ही बसलो तसं कोणी काही बोललं नाही. उंबूंनी एक विणलेली टोपली दोन्ही हातांनी उचलून आमच्यापुढे ठेवली. आत सिरी-पिनांग (नागवेलीची शेंग आणि सुपारी), शेजारी डबीत चुना.

इथे मला थांबून सांगायला हवं. माझ्या बाबांचा जबडा सुपारीने खाल्ला. शेवटचे आठ महिने ते चमच्याने पेज घेत होते आणि चमचा माझ्या हातात असायचा. मी फार्मसी शिकले ती त्यानंतर, लग्न झाल्यावर. तेव्हापासून सुपारी दिसली की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. सुधीरचा हात टोपलीकडे गेला होता. तो मी दाबला, आणि टोपली दोन बोटांनी उंबूंकडे परत सरकवली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. मी योहानाला म्हटलं, "त्यांना सांग, याने तोंडाचा कॅन्सर होतो. मी औषधांच्या क्षेत्रातली आहे. या वयात तरी त्यांनी सोडावं."

योहाना क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने एक वाक्य सांगितलं, माझ्या भाषणापेक्षा बरंच आखूड. उंबूंनी मान हलवली. टोपली आत गेली. जेवण झालं. भाऊबंद निघून गेले, आणि जमिनीचा विषय कोणी काढलाच नाही.

पुढचे बारा दिवस आम्ही उंबूंच्याच घरी राहिलो. खोटं कशाला बोलू, सुखाचे होते. मक्याचा भात, खोबऱ्यात शिजवलेला कसाव्याचा (साबुदाण्याच्या कंदाचा) पाला, लिंबू पिळलेला मासा, आणि इतकी कडक कॉफी की सुधीर पहाटेच टेकडीवर पोचायचा. तिथे आम्ही दगड मांडून खोल्यांचे कोपरे ठरवले. इथे व्हरांडा, इथे स्वयंपाकघर, इथे योहानाचं टेबल. एकदा उतरताना सुधीरच्या जॅण्डलचा (रबरी चपलेचा) पट्टा तुटला आणि तो तसाच अनवाणी गवतावरून घसरत खाली आला. उंबू पोट धरून हसले. त्यांनी स्वतः काथ्याने पट्टा बांधून दिला.

पण जमिनीचं विचारलं की एकच शब्द. नांती (नंतर बघू).

"भाव वाढवतायत," मी सुधीरला म्हटलं. "आपल्याला घायकुतीला आणतील. आपणच थोडं वाढवून सांगू."

"अगं, थांब ना जरा. ते तसले वाटत नाहीत."

"तुला सगळेच तसले वाटत नाहीत."

मी योहानाकरवी वाढीव भाडं सांगितलं. उंबू ऐकून घेऊन उठले आणि घोड्यांकडे गेले. संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा त्यांनीच वाढला. मला वाटलं, गाडी रुळावर येतेय. शहाणपण म्हणतात ते हेच.

तेराव्या दिवशी सकाळी योहाना बॅग भरताना दिसली. बालीच्या हॉटेलात तिची जागा अजून रिकामी होती.

"पण होमस्टे?" मी विचारलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "मॅडम, ते पहिल्याच दिवशी संपलं. तुम्ही टोपली परत केलीत."

"पण मी सांगितलं ना का ते."

"ते मी सांगितलंच नाही. तुमचे दात दुखतात, असं सांगितलं. पण सरकवलेलं सगळ्यांनी पाहिलं." मग ती माझ्याजवळ बसली. "खायची नसते हो. घ्यायची असते. घेऊन पिशवीत टाकायची. नंतर बकरीला घातलीत तरी कोणी विचारत नाही. घेतली की बोलणं सुरू होतं. नाही घेतली की बोलायचंच नाही, असा अर्थ."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"आजोबांनी नको म्हटलं. म्हणाले, पाहुणे आहेत, लाज वाटेल त्यांना."

हे मला कळू नये? आमच्यात पूजेला सुपारीचा गणपती करतात. बायको हजर नसली तर सुपारी कनवटीला लावून पूजा उरकतात. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं, हे मी जन्मभर ऐकत आले. माझं लग्न ठरताना ती बाबांनीच फोडली होती. हे सगळं सोडून मी त्या ओटीवर फक्त बाबांचा जबडा घेऊन बसले होते.

योहानाबरोबर बाजारात जाऊन मी सुपाऱ्या आणि शेंगा आणल्या, आणि उंबूंच्या समोर जाऊन दोन्ही हातांनी ठेवल्या. त्यांनी एक उचलली. मग आपली टोपली माझ्यापुढे केली. मी एक सुपारी घेतली आणि मुठीत धरली. माझ्या बाबांचं खरं काय झालं ते मी सांगितलं, आणि योहानाने या वेळी सगळं सांगितलं. उंबूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वडिलांसाठी केलंत," ते म्हणाले. "वडिलांसाठी माणूस वेडं होतंच. आता तुम्ही माझ्या घरी आलात."

"आणि टेकडी?"

त्यांनी माझा हात थोपटला. "टेकडी माझ्या एकट्याची नाही. भाऊ आले, त्यांनी पाहिलं, ते गेले. त्यांना मी पुन्हा कोणत्या तोंडाने बोलावू?"

सुधीरने बॅगा भरायला घेतल्या. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

वाइंगापूहून परतीच्या विमानात योहाना आमच्याच रांगेत होती, पलीकडच्या खिडकीशी. उंबू गावाच्या वेशीपर्यंत सोडायला आले होते. तिने विमानात एकदाही बाहेर पाहिलं नाही. बालीला उतरल्यावर तिने मला मिठी मारली आणि बसच्या दिशेने गेली. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, इट्स ओके मॅडम. हॉटेलात शिकवतात तसं म्हणाली.

उंबूंची सुपारी मी पाकिटात ठेवली होती. ऑकलंडला उतरल्यावर विमानतळावरच्या तपासणीच्या फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिली. काउंटरवरच्या बाईने हसून माओरीत "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हटलं, सुपारी उलटसुलट करून पाहिली आणि बी देशात आणता येणार नाही म्हणाली. "फेकू ना? चालेल?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

सोमवारी दुकानात मार्था होतीच. मी सगळं सांगितलं. ती काउंटर पुसायची थांबली.

"मी आधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "पण म्हटलं, तुम्ही इंडियन. सुपारीचं तुम्हाला मी काय सांगायचं?"

आम्ही दोघी थोडा वेळ गोळ्यांच्या पट्ट्या लावत राहिलो. अल्बनीत पाऊस होता आणि टेकडीवर आता ऊन असेल, हे माझ्या मनातून जात नव्हतं. चार खोल्या गेल्या, त्याचं वाईट वाटतं. पण रात्रीची झोप त्या खोल्या नाही उडवत.

"मामा कसे आहेत?" मार्थाने विचारलं.

"बरे आहेत," मी म्हटलं. मग हातातली पट्टी खाली ठेवून खरं ते सांगितलं. "घरात एकटे आहेत गं. नात परत गेली. माझ्यामुळे."