टाकीत टाकलेल्या एकोणीस गोळ्या

“टाकीमा टाक. तुन्हा हातघाई.”

शेठ खाली उभा होता. मी टाकीच्या ओट्यावर, हातात पांढरी बरणी. गोळ्या मी माझ्याच हातानं टाकायच्या होत्या. अंडी भरणाऱ्या सहा बायका काम सोडून बघत होत्या. शेठनंच त्यांना बोलावलं होतं. चोर कसा दिसतो ते दाखवायला.

मी एक गोळी टाकली.

“मोजत जाय.”

मोजत गेले. एकोणीस.

पाणी शुद्ध करायची गोळी टाकीत पडली की फसफसते. या फसफसल्या नाहीत. गुपचूप तळाला जाऊन बसल्या. शेठला फरक कळला नाही. टाकीजवळ तो बहुतेक पहिल्यांदाच आला होता.

त्या गोळ्या माझ्या होत्या.

नवापूरच्या बाहेर, हायवेला लागून हे पोल्ट्री फार्म आहे. तिथं चार वर्षं कोंबड्यांचं औषधपाणी मी बघत होते. लस कधी, औषध कुठलं, पाण्यात गोळ्या किती, सगळं माझ्याकडे. भिंतीवर तक्ता आहे. औषध दिलं की पेनानं खूण करायची. चार वर्षांत एक चौकोन मी रिकामा ठेवला नाही. ताप अंगात घेऊनसुद्धा आले, पण कोंबड्यांचं औषध चुकवलं नाही.

मला एचआयव्ही आहे. नवऱ्याकडून आला. नवरा गेला, आजार राहिला. रोज एक गोळी घ्यायची, बस. सांगायला एवढंच आहे. पण घर एका खोलीचं. सासूला कळलं तर ती मुलीला माझ्या कुशीत झोपू देणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून गोळ्या फार्मवर ठेवायचे. नंदुरबारच्या सरकारी सेंटरवर मिळते ती बाटली पिशवीत खुळखुळते, वर औषधाचं नाव. ती मी वाटेतच फेकायचे. पाण्याच्या गोळ्यांची एक रिकामी बरणी धुऊन वाळवलेली होती, तिच्यात माझ्या ठेवायचे. दहा बरण्यांत अकरावी. कोण बघतंय! एवढी मी शहाणी.

शेठाणीनं बघितलं. मला, बरणीतून एक काढून पदराखाली घेताना.

“कितला दिनपाईन चोरी ऱ्हायनी?” शेठनं विचारलं. मी त्याच्या गोळ्या दुसऱ्या फार्मवाल्याला विकते, असं त्याला वाटलं.

दोन शब्द होते माझ्याकडे. चोर, नाहीतर दुसरा. मी चोर घेतला. चोराला लोक शिव्या देतात, पण चोराच्या हातची अंडी खातात.

“चूक व्हयनी, शेठ,” मी म्हटलं.

तो मोठ्या मनाचा. पोलिसात देणार नाही म्हणाला. फक्त माल जिथला तिथं, टाकीत, गेला पाहिजे.

सगळे गेल्यावर मी टाकीचा खालचा नळ सोडून दिला. कोंबड्यांचा काय गुन्हा. पाणी उतरल्यावर आत हात घालून चाचपलं. बोटांना पिठासारखं लागलं. मी ते चाटलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नंदुरबारला जाऊन परत गोळ्या मागता आल्या असत्या. पण चोरी कबूल केलेल्या बाईनं दुसऱ्याच दिवशी रजा कशी मागायची? आणि सेंटरवर तरी काय सांगायचं, कोंबड्यांच्या पाण्यात घातल्या? एकोणीस दिवस तशीच राहिले. ठरल्या तारखेला गेले.

“शिल्लक किती?” तिथल्या ताईनं विचारलं.

“काही नाही.”

“सगळ्या घेतल्या?”

“हो.”

तिनं लिहून घेतलं. कागदावर माझा तो महिना पूर्ण भरलेला आहे.

घरात आम्ही आमची आदिवासी कोकणी बोलतो, शेठशी अहिराणी, सेंटरवर शाळेतली मराठी. खोटं मी तीनही भाषांत बोलले.

नंतर सवयच लागली. रोज संध्याकाळी गेटवर शेठाणी माझी पिशवी उलटी करायची. म्हणून गोळी पदराच्या गाठीत. ती आसपास असली की माझी गाठ सुटायची नाही. आठवड्यात दोन दिवस बिनगोळीचे जायचे, कधी तीन. उरलेल्या गोळ्या, शिल्लक दिसू नयेत म्हणून, सेंटरला जायच्या आधी नाल्यात. ताईपुढे दर वेळी ‘हो’.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. ताई म्हणाली, “विषाणू वाढलाय. गोळ्या रोज घेतेस आणि तरी वाढला, म्हणजे हे औषध तुला लागू पडत नाही. बदलावं लागेल. पुढे फार औषधं नाहीत गं.”

मी थकले होते. खरंच थकले होते. सगळं सांगून टाकलं. टाकी, मोजणी, नाला.

ती ओरडली नाही. एवढंच विचारलं, “चोरी कबूल का केलीस?”

मी नवी बाटली पिशवीत घातली. परतीच्या बसमध्ये राग आला. आधी शेठचा, मग माझाच. कोंबडीचा दिवस कधी चुकवला नाही, आणि स्वतःचे नाल्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी नवी बाटली नावासकट नेली आणि तक्त्याखालच्या फळीवर ठेवली. शेठाणीनं उचलली. शेठला हाक मारली. बायकाही आल्या.

“त्या गोया मन्ह्या व्हत्यात, शेठ,” मी म्हटलं. “माले एचआयव्ही शे. मी चोर नही.”

तो दोन पावलं मागं सरला. मग म्हणाला, “उद्यापाईन येऊ नको.”

या आजारावरून कामावरून काढायला कायद्यानं बंदी आहे, हे ताईनं सांगितलं होतं. मी म्हटलं, “काढनं व्हई तर कागदवर लिखी दे.”

त्यानं लिहिलं नाही. मला खतावर टाकलं. कोंबड्यांची विष्ठा पोत्यांत भरायची. चहाला बायका लांब बसतात. गावात बातमी गेली, सासूनं मुलीची गोधडी आपल्याकडे ओढली. रोज मी ती परत आणते, रोज ती ओढते.

तक्त्यावर आता चौकोन रिकामे दिसतात. परवा शेठचा निरोप आला, औषधाचं काम परत घे.

मी उलट निरोप दिला. घेते. आधी त्या सहा जणींना टाकीजवळ बोलाव आणि सांग, ही चोर नव्हती.

अजून बोलावलं नाही त्यानं. मी खत भरते. सकाळी आठ वाजले की फावडं ठेवते, हात धुते, त्याच टाकीच्या नळाला ओंजळ लावते आणि सगळ्यांदेखत गोळी गिळते. तो बोलावेपर्यंत हे चालेल. त्यानं बोलावल्यावरही चालेल.