लाल सिग्नलवरचं सॉरी

स्कूटर आपोआप पुढे सरकली.

मी ब्रेक दाबून धरला होता. दोन्ही पाय जमिनीवर होते. करुणामयी चौकातला सिग्नल लाल होता आणि वरचा आकडा अजून नव्वद दाखवत होता. बाजाराची पिशवी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ झेब्रा क्रॉसिंगवरून चालले होते, हळूहळू, एक पाय ओढत. तरी स्कूटर हातभर पुढे गेली. पांढऱ्या रेषेपलीकडे. मागे बसलेली माझी आठ वर्षांची मुलगी किंचाळली. मला वाटलं, ब्रेक गेला. मग कळलं. मागची गाडी आम्हाला ढकलत होती.

हॉर्न तर मघापासून चालूच होता. मी लक्ष दिलं नव्हतं. कोलकात्यात हॉर्नकडे लक्ष द्यायचं म्हटलं तर माणूस घराबाहेर पडणार नाही. पण हॉर्न वेगळा आणि हे वेगळं. बंपर नंबरप्लेटला टेकला होता आणि दाबत होता.

"घट्ट धर गं मला," मी मुलीला म्हणाले.

मागून हिंदीत आवाज आला, "सड़क तुम्हारे बाप की है क्या?"

मी वळून पाहिलं. मोठी पांढरी गाडी. पन्नाशीच्या पुढचा माणूस, काच खाली करून डोकं बाहेर काढलेला. माझं मराठी त्याने ऐकलं होतं. तो हसला. दार उघडून खाली उतरला.

"मराठी का? कुठली गं तू?"

'तू.' भर रस्त्यात. मी लातूरची, असं सांगितलं. त्याने नवऱ्याचं नाव विचारलं, मी तेही सांगितलं. का सांगितलं? विचारणाऱ्याचा आवाज असा असला की माझ्या तोंडून उत्तर निघतं. लहानपणापासून निघतं.

"आडनाव काय म्हणालीस?"

मी परत सांगितलं.

"असं होय," तो म्हणाला.

ते 'असं होय' मी ओळखते. शाळेत ऐकलंय, कॉलेजात ऐकलंय, भाड्याची खोली बघायला गेल्यावर ऐकलंय. त्यानंतर समोरच्याची मान जरा वेगळी होते. त्याचीही झाली.

"तुझा नवरा तर माझ्याच हाताखाली आहे. ऐक. मोठी गाडी दिसली की बाजूला व्हायचं. एवढी साधी रीत असते रस्त्याची. पण तुम्हा लोकांना वळणच नाही."

आजूबाजूला ऑटो होते, टोटो म्हणजे बॅटरीच्या रिक्षा होत्या, दोन बस होत्या. सगळे बघत होते. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण कोण कुणाला काय करतंय ते सगळ्यांना कळत होतं.

आणि मी म्हणाले, "सॉरी सर."

एवढंच करून थांबले नाही. खाली उतरले. मुलगी मागे बसलेलीच, स्कूटर हाताने ढकलत फुटपाथला लावली. सिग्नल लालच होता. गाडी माझ्या जागेवर आली, रेषेच्या पुढे आली, त्या म्हाताऱ्यांच्या अंगाशी आली. ते पिशवी छातीशी धरून मागे सरले. गाडी लाल सिग्नलमधून निघून गेली.

"आई," मुलगी म्हणाली, "बत्ती तर लाल होता ना?"

तिचं मराठी असंच आहे, इथल्या हिंदी-बंगालीत भिजलेलं. मी नेहमी सुधारते. त्या दिवशी सुधारलं नाही.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. त्या सकाळी पहिल्याच पेशंटची शीर मला सापडली नाही. दोनदा टोचलं. ती बाई माझ्या हाताकडे बघत होती. "दीदी, आप ठीक हैं?" तिने विचारलं. मी हो म्हणाले.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. आरडाओरडा नाही. चहा पाजला. म्हणाले, तुझी बायको भेटली सकाळी, जरा शिकव तिला. रविवारी घरी घेऊन ये. आपली चार मराठी मंडळी जमणार आहेत. दोन शब्द बोलली की विषय संपला.

"कसले दोन शब्द?" मी विचारलं.

"माफीचे."

"ते मी रस्त्यावरच बोलले की."

"त्यांच्या बंपरला ओरखडा गेलाय म्हणतात."

मी हसले. हसताना रडू आलं. नवरा पलंगाच्या कडेला बसला. तो वाईट माणूस नाही. आजवर माझ्यावर आवाज चढवलेला नाही. तो म्हणाला, "अगं, बदलीची यादी त्यांच्याच टेबलावर आहे. तुलाच जायचंय ना अण्णांकडे?"

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरला एकटेच असतात. आई गेली, आणि गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या बाजूवरून वारं गेलं. शेजारची बाई दोन वेळचं जेवण देते. आम्ही महाराष्ट्रात बदली मागितली होती ती त्यांच्यासाठी. ती त्या माणसाच्या सहीवर अडली होती.

मी म्हणाले, "बघू रविवारी."

रविवार यायला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत गाडी रोज यायची.

पाठलाग म्हणता येणार नाही. त्याच्या ऑफिसची आणि मुलीच्या शाळेची वाट एकच होती. पण पहिल्या दिवशी तो मला ओळखत नव्हता, आता ओळखत होता. आरशात पांढरं काही दिसलं की मी मुलीला पुढे सरकून बसायला सांगायचे. तो हॉर्न वाजवायचा नाही. नुसता मागे येऊन थांबायचा, इतका जवळ की इंजिनची ऊब पायाला लागायची. मी दहा मिनिटं लवकर निघाले. तरी आला. वस्तीच्या आतल्या गल्ल्यांतून, चौकातल्या गोलाला वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने गेले. त्या दिवशी नव्हता. पण मी दर वळणावर आरसा बघत होते. म्हणजे होताच.

चौथ्या दिवशी सिग्नल लाल झाला. मी थांबले. आरशात तो आला. मुलीने मागून माझ्या कमरेला नखं रुतवली.

"आई, जा ना."

"लाल आहे बाळा."

"असू दे ना लाल. जा ना आई. तो ढकलेल."

मी गेले नाही. पण तिचं ते बोलणं माझ्या अंगात शिरलं. हीच पोरगी चार दिवसांपूर्वी मला विचारत होती, बत्ती लाल होता ना. चार दिवसांत ती शिकली. कुणी शिकवलं? त्याने? त्याने फक्त ढकललं. सॉरी मी म्हणाले. बाजूला मी झाले. तिने बघितलं ते माझं.

त्या दुपारी मी अण्णांना फोन केला.

अण्णांनी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली. मी सहावीत होते तेव्हा एकदा त्यांच्या गाडीत होते, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर. निलंग्याकडे जाताना एक अरुंद पूल होता. एका वेळी एकच गाडी जायची. आमची बस अर्ध्यावर आली होती. समोरून जीप आली आणि पुलावर घुसली. जीप दहा हात मागे घेतली असती तर भागलं असतं. तिच्यातून गावच्या पुढाऱ्याचा पोरगा उतरला. वय असेल वीस-बावीस. त्याने अण्णांना खाली बोलावलं आणि कानाखाली मारली. "मला थांबवतो? लायकी आहे का तुझी?" बसमध्ये चाळीस माणसं होती. कुणी हललं नाही. अण्णांनी हात जोडले. वर चढले. अख्खी बस उलटी घेत पुलाच्या बाहेर काढली. मान वळवून मागे बघताना त्यांची नजर माझ्यावर आली आणि माझ्यावरून पुढे गेली. जसं मी तिथं नव्हतेच.

रात्री जेवताना ते म्हणाले होते, "रस्त्यावर सबुरी ठेवावी बाई."

मी ते धरून चालले. माझ्या बापाला सबुरी होती, असं अभिमानाने सांगत आले. शाळेच्या निबंधातसुद्धा लिहिलं.

फोनवर मी विचारलं, "अण्णा, त्या पुलावर तुम्ही बस मागे घेतली. ती सबुरी होती का भीती?"

आता त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो.

"भीती होती बाई," ते म्हणाले. "सबुरी म्हणलं की झोप लागायची."

मग म्हणाले, "तू का विचारायलीस?"

मी सगळं सांगितलं. बदलीचंही सांगितलं. ते म्हणाले, "माझं बघू नको." एवढंच. 'माफी मागू नको' असं नाही म्हणाले. 'माझं बघू नको.' त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, ते त्यांनी दिलं.

रविवारी आम्ही गेलो. मुलीलाही नेलं. नवरा म्हणत होता, तिला कशाला? मी म्हणाले, ती तेव्हाही होती.

साहेबांच्या हॉलमध्ये दहा-बारा माणसं बसली होती. कोथिंबीरवडी, चहा, मोठमोठ्याने हसणं. इतकं मराठी एकदम कानावर पडलं की एरवी मला घरी आल्यासारखं वाटतं. साहेब उठून उभे राहिले.

"या, या! ह्या बघा आमच्या सिग्नलवाल्या वहिनी."

सगळे हसले. गोष्ट आधीच सांगून झाली होती. त्यात ढकलणं नसणार. लोक इतकं मनमोकळं हसत होते, म्हणजे नसणारच.

"वहिनी, मनात काही नाही हं माझ्या," साहेब म्हणाले. आज 'वहिनी' होते. "रस्त्यावर एकमेकांना वाट द्यावी. सौजन्य असतं ते. आपण महाराष्ट्रातली माणसं, परप्रांतात नीटच वागायला हवं. बोला, काय बोलायचं ते बोला आणि वड्या घ्या."

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे विनवत होते. मी मुलीचा हात धरला.

"सर, सिग्नल लाल होता. तुम्ही माझ्या स्कूटरला मागून गाडी लावून ढकललंत. मागे ही बसली होती. समोरून एक म्हातारा माणूस चालला होता. मी तेव्हा तुम्हाला सॉरी म्हणाले. ते मी परत घेते."

कुणीतरी कप खाली ठेवला. तो आवाज मोठा वाटला.

साहेब अजून हसत होते. तोंडच तेवढं हसत होतं. "वहिनी, विचार करून बोला. ह्याची फाइल माझ्याकडे आहे."

"ठाऊक आहे."

"तुम्हा लोकांना चांगुलपणा दाखवला ना, की..."

"वाक्य पुरं करा सर," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर. 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला?"

ते खुर्चीत बसले आणि चहाचा कप उचलला. त्या दहा-बारा माणसांपैकी एकानेही विचारलं नाही, की बाई, हे खरं का? वड्यांची ताटली टीपॉयवर तशीच होती. आम्ही निघालो.

वाटेत नवरा बोलला नाही. घरी आल्यावरही दोन दिवस नाही. तिसऱ्या दिवशी मी पोलिसांकडे लेखी तक्रार द्यायला निघाले तेव्हा तो उठला, चपला घातल्या आणि बरोबर आला. तिथं बंगाली मला नीट जमेना तेव्हा तोच बोलला. हवालदाराने तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहून घेतला. म्हणाला, कॅमेऱ्यात असेल तर बघू. पोच दिली. पुढे काय झालं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

महिन्याने बदलीची यादी लागली. नवऱ्याचं नाव नव्हतं. त्याने ती मला मोबाइलवर दाखवली आणि मोबाइल पालथा ठेवला. अण्णा अजून शेजारणीच्या हातचं जेवतात. परवा पडले. मी इथं होते.

हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं, असं मला सांगतात. आपल्या मंडळींपैकी दोघींनी फोन करून सांगितलं. बायकांनी जरा धीर धरावा, म्हणाल्या. मी धीर धरते. रोज धरते. लाल दिव्याला थांबते, म्हाताऱ्याला जाऊ देते, पोरांच्या व्हॅनला वाट देते. हा धीर माझा आहे, मी तो कुणालाही देईन. ढकलणाऱ्याला देणार नाही.

पांढरी गाडी अजून येते. आता तिच्यात ड्रायव्हर असतो आणि साहेब मागे बसतात. परवा पुन्हा बंपर लागला. हलका. चुकून लागल्यासारखा. पुढच्या वेळी हलका नसेल, हे मला कळतं. मी मुलीला स्कूलबस लावली आहे. एवढं भ्यायला मला परवानगी आहे.

पण स्कूटर मी त्याच रस्त्याने नेते. त्याच रेषेवर उभी करते. आरशात पांढरं दिसलं की मी ब्रेक आणखी घट्ट दाबून धरते. तो मला पाडू शकेल. हटवू शकणार नाही.