भोईर बाईंनी सांगितलेलं ॲप

आमच्या स्टाफरूमच्या कपाटात मुलांनी विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या साठतात आणि आमच्यात किस्से साठतात. बाटल्या दिवाळीच्या साफसफाईत निदान बाहेर तरी निघतात. किस्से मात्र तळाशी बसून राहतात आणि कोणी चहा ओतायला लागलं की वर येतात. हल्ली त्यातले निम्मे मोबाइल ॲपचे असतात, आणि त्या सगळ्यांत भोईर बाई असतात.

भोईर बाई म्हणजे आमच्या सगळ्यात सिनियर, मराठीच्या. राहायला जवळच्या कोन गावात, रिटायरमेंटला दोन वर्षं. मी गुप्ते, गणिताचा. भिवंडीतल्या आमच्या या शाळेत ‘कुठलं ॲप घेऊ?’ हा प्रश्न इतकी वर्षं फक्त मला विचारला जायचा. मग बाईंच्या मुलीने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. स्क्रीनशॉट कसा काढायचा, हे त्यांना मीच शिकवलं हो! महिन्याभरात अख्खी शाळा त्यांना विचारायला लागली. तेव्हापासून मी जळतोय. खोटं कशाला बोलू?

*

वर्गातला आवाज मोजायचं ॲप मी आणलं होतं. गोंगाट वाढला की काटा लाल पट्ट्यात, शांत झालं की हिरव्यात. डेमोसाठी सगळ्या स्टाफला सातवीच्या वर्गात बोलावलं. मुलं मैदानावर, वर्ग रिकामा, आणि काटा लालमध्ये ठाम!

आमच्या भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे. त्या खटखटीची आम्हाला इतकी सवय, की ती चालू आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी फोन बंद केला, चालू केला, ॲप काढून परत टाकलं. काटा लालच.

भोईर बाई शांतपणे म्हणाल्या, “गुप्ते सर, आधी बाकड्यांना गप करा, मंग पोरांचं बघू!”

स्टाफ हसून हसून लोळला. मीही हसलो, पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

*

मग बाईंनी पावलं मोजणारं ॲप सुचवलं. रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपला आकडा स्टाफच्या ग्रुपवर टाकायचा. मी ठरवलं, इथे तरी बाईंना हरवायचंच. मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या मारल्या, शेअर रिक्षा अलीकडेच सोडून चालत घरी गेलो. आकडा नऊ हजार. बाईंचा? बावीस हजार! अहो, ज्या बाई जिना चढताना गुडघे धरून दोनदा थांबतात, त्यांचा!

मला झोप लागेना. रविवारी तपासलेले पेपर द्यायचं निमित्त काढून मी थेट कोनला पोचलो. बाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“बाई, फोन कुठाय तुमचा?”

“मागं चार्जिंगला हाय.”

मागच्या शेडमध्ये त्यांच्या दिराचे लूम. त्यातल्या एकाच्या लोखंडी चौकटीवर बाईंचा फोन ठेवलेला. लूम खटक-खटक करतोय, फोन हादरतोय आणि पावलं वाढतायत!

“बाई, ही चीटिंग आहे!”

“कसली चीटिंग? मी चालले काय न् लूम चालला काय, घरातलंच हाय ना!”

वर मला पिशवीभर शेंगा दिल्या. मी त्या घेतल्यासुद्धा.

*

पालकसभेत मी बदला घ्यायचं ठरवलं. गणिताच्या प्रत्येक धड्यासाठी एक कोड छापला होता. फोनने स्कॅन केला की उदाहरण सोडवून दाखवणारा व्हिडिओ सुरू. पालकांना मी तो कसा स्कॅन करायचा ते पंधरा मिनिटं फळ्यावर चित्र काढून समजावलं. नेमका माझ्याच फोनवर कोड उघडेना.

मागून एक वडील उठले. “सर, मी वडप्याला गोडाऊनला हाय. पूर्ण शिफ्टभर खोक्यांवरचे कोड स्कॅन करतो. तुमचा कोड कागदाच्या घडीवर आलाय, म्हणून पकडत न्हाय.” त्यांनी कागद मांडीवर घासून सपाट केला, आणि व्हिडिओ लागला.

मी घाम पुसत विचारलं, “अजून काही शंका?”

“शंका न्हाय. ते भोईर बाईंचं गोष्टी वाचून दाखवणारं ॲप कुठलं, तेवढं सांगा. पोरगी पाठच सोडत न्हाय.”

सांगितलं. काय करणार!

*

घरी तरी सुटका असावी ना? एका संध्याकाळी बायको म्हणाली, “अरे, किराणाच्या यादीचं ते ॲप टाकून दे ना माझ्या फोनवर. भोईर बाई सांगत होत्या, फार मस्त आहे.”

“तेच ॲप मी तुला गेल्या वर्षी सांगितलं होतं!”

“तू सांगितलं नव्हतंस,” ती म्हणाली, “तू शिकवलं होतंस.”

त्या दिवशी मी जेवताना एक शब्द बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ती यादी करत होती.

*

गेल्या महिन्यात शिक्षण परिषदेचं पत्र आलं. विषय होता ‘माझी आवडती ॲप्स : स्वतःसाठी आणि वर्गासाठी’. प्रत्येक शाळेतून एकाच शिक्षकाने बोलायचं. एकानेच! मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, “शुक्रवारी नाव कळवते.”

मला ते नाव माझंच हवं होतं. या शाळेत ॲप हा शब्द पहिल्यांदा मी आणला, हे एकदा तरी कोणी माइकवरून म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी लहान मुलासारखा हट्टाला पेटलो होतो.

मग मला युक्ती सुचली. एक ॲप आहे, त्यात प्रत्येक मुलाला छापील कार्ड द्यायचं. कार्डाच्या चार बाजू, अ ब क ड. उत्तर असेल ती बाजू वर धरायची, आपण वर्गावरून फोन फिरवायचा, की सगळ्यांची उत्तरं मोजून येतात. शेजारच्याचं उत्तर कोणाला कळत नाही, म्हणून मुलं मोकळेपणाने सांगतात. हेही बाईंना मीच शिकवलं होतं म्हणा.

गुरुवारी भोईर बाई पाचवीवर होत्या, ती वेळ साधून मी मोठ्या बाईंना सातवीत घेऊन गेलो. सातवीला आम्ही दोघंही शिकवतो. फळ्यावर प्रश्न लिहिला : ॲप वापरून कोणी शिकवलेलं जास्त आवडतं? अ : गुप्ते सर. ब : भोईर बाई.

कार्डं वर झाली. मी फोन फिरवला. अडतीस मुलं, अडतीस ‘अ’!

मी लगेच फोन मोठ्या बाईंसमोर धरला. त्यांनी चष्मा वर सारला. “अडतीसच्या अडतीस? एवढं एकमत?”

“मुलांचं मन, बाई!” मी म्हणालो. “मुलं खोटं बोलत नाहीत.”

पहिल्या बाकावरची ऋतुजा लगेच उभी राहिली.

“हो बाई! मंगळवारी भोईर बाईंनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी ‘ब’ धरलं होतं. आज सर आहेत ना वर्गात!”