झुंबरबाईने राईत कोयता चालवला

झुंबरबाईला वाडीत भांडखोर म्हणत, आणि खोटं कशाला बोला, ती होतीच. तरणीताठी असताना तिने हिरड्याच्या व्यापाऱ्याला त्याच्याच तराजूने बदडलं होतं.

आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अभयारण्यात तिची वाडी. वाडीच्या वर देवराई. आंबा, जांभूळ, हिरडा इतके गुंतलेले की शेकरू जमिनीवर न उतरता सगळी राई पार करी. तिथे लोखंड न्यायचं नाही, पडलेली काटकीही उचलायची नाही, असा देवाचा नेम. राईच्या पायथ्याला झरा होता. उन्हाळ्यात अख्खी वाडी त्याच्यावर जगे. राई गेली की झरा आटणार, हे सगळेच जाणून होते.

२००३च्या वैशाखात तिचा दीर सोमाजी याने भातरोपांची जागा भाजायला भर दुपारी राब, म्हणजे तिथे पसरलेला पालापाचोळा, पेटवला. आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशी लावायची असते, पण सोमाजीला घाई. वाऱ्याने जाळ उचलून थेट राईत नेला. वर्षानुवर्षं न उचललेलं लाकूड तिथे पडलेलं, राई भडकली. शेकरं पेटल्या शेपटीने खाली कोसळू लागली. डहाळ्यांनी जाळ झोडपणारी माणसं मागे हटली.

झुंबरबाई कोयता घेऊन आत शिरली आणि आगीपुढची कारवीची झुडपं सपासप तोडू लागली. मोकळा पट्टा पडला तरच झऱ्याकडची राई वाचणार होती.

सोमाजीने तिचं मनगट धरलं. "वहिनी, देवाच्या राईत लोखंड लावू नका. वाडीचा नाश व्हईल."

"आन् तुमी लावलेली आग चालती व्हय देवाला? सोडा."

त्याने झिंज्या धरून तिला ओढलं. तिने वळून कोयता हाणला. त्याची दोन बोटं पाचोळ्यात पडली. ती पुन्हा कारवीला भिडली. झऱ्याकडची राई उरली, बाकीची राख झाली.

मग वाडी न्यायनिवाड्याला बसली. झुंबरबाईने नेम मोडला, तिने यापुढे राईत अन् झऱ्यावर पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. राब कुणी पेटवला, हे एकाही मर्दाने विचारलं नाही. ऐकून आजही डोकं फिरतं.

दुसऱ्या दिवशी झऱ्यावर हंड्यांची रांग लागली, सोमाजीची बायको सगळ्यात पुढे. झुंबरबाई कोसभर खाली ओढ्याच्या डबक्यावर गेली. राईची हद्द तिने पुढे कधीच ओलांडली नाही. देवाला तीही भीत होती. कोयता उचलला तेव्हाही भीत होती.